लढाईचा एक राउंड नेमका किती सेकंदांचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा सेकंदांत आठ वार होतात का? मिनिटभरात धनुर्धारी दोनच बाण सोडत असेल तर उरलेला वेळ तो करतो काय? टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र रंगवायचा खेळ) खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये कधी ना कधी हा विषय निघतो, आणि निघाला की फासे बाजूला पडतात. पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आकडे नियमांच्या पुस्तकांतले आणि शाळेतल्या गणिताचे. मतं माझी आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

राउंड मोजतो तरी काय?

दोन गोष्टी, आणि त्या एकच धरल्या की गोंधळ होतो. लढाईत असलेल्या प्रत्येकाला एकदा काहीतरी करायची संधी मिळाली की एक राउंड झाला, ही पहिली. तेवढ्यात गेमच्या जगातलं घड्याळ किती पुढे सरकलं, ही दुसरी. पहिलीशिवाय राउंडवर चालणारं कॉम्बॅट उभंच राहत नाही. दुसरीशिवाय बऱ्यापैकी निभावतं, आणि कित्येक गेम तसं निभावतातही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: राउंडची लांबी हे खेळाडूला किती वेळाने निर्णय घ्यायला मिळतो याचं माप आहे. एका सेकंदाच्या राउंडमध्ये तुम्ही ठरवता की हा वार डोक्यावर करायचा की पायावर. एका मिनिटाच्या राउंडमध्ये ठरवता की रेटायचं, टिकून राहायचं की माघार घ्यायची. खऱ्या लढाया किती वेळ चालतात हा प्रश्न वेगळा आहे, त्याचं उत्तर पुढे येईलच.

कुठल्या गेममध्ये राउंड किती लांब?

१९८६ सालचा गर्प्स एका टोकाला आहे: एक टर्न, एक सेकंद. त्याच वर्षीच्या फिनिक्स कमांडने बंदुकांच्या लढाईसाठी दोन सेकंदांचा फेज घेतला आणि त्याचे अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे चार तुकडे केले. तो गेम खेळायला कॅल्क्युलेटर आणि संन्याशाची चिकाटी, दोन्ही लागतात. शॅडोरनमध्ये तीन सेकंद. स्टीव्ह जॅक्सनच्या १९७७ च्या ‘मेली’ या गेममध्ये पाच, मिथ्रासमध्येही पाच. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) २००० पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत सहा, सॅव्हेज वर्ल्ड्समध्येही सहा. वॉरहॅमर फँटसीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत दहा. रूनक्वेस्टमध्ये १९७८ साली बारा. मूळच्या ट्रॅव्हलरमध्ये (१९७७) पंधरा. आणि दुसऱ्या टोकाला जुनं अॅडव्हान्स्ड डी अँड डी: पूर्ण एक मिनिट.

चॅम्पियन्सची (१९८१) पद्धत मला सगळ्यांत हुशार वाटते. तिथे टर्न बारा सेकंदांचा, त्याचे एकेका सेकंदाचे बारा सेगमेंट, आणि प्रत्येक कॅरॅक्टरचा स्पीड सांगतो की या बारांपैकी त्याला कितींमध्ये हालचाल करता येईल. स्पीड चार असेल तर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या सेगमेंटला. घड्याळ सगळ्यांना एकच, पण चपळ माणसाला निर्णय जास्त. बारा सेकंद संपले की सगळ्यांना दम घेऊन थोडं सावरता येतं.

डी अँड डीची जुनी पुस्तकं वाचताना एक काळजी घ्या. तिथे टर्न म्हणजे दहा मिनिटं असतात. ‘मंत्राचा परिणाम दोन टर्न’ असं लिहिलं असेल तर ती वीस मिनिटं आहेत.

डी अँड डीमध्ये सुरुवातीला एक मिनिट कशाला ठेवलं होतं?

कारण तो वारसा सैन्यांच्या लढाईतून आला. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा चेनमेल (१९७१) हा छोट्या पुतळ्यांनी खेळायचा युद्धाचा गेम होता. त्यात एक पुतळा म्हणजे कित्येक सैनिक आणि एक चाल म्हणजे एक मिनिट. तुकडी वळवायची, पुढे न्यायची, भिडवायची तर मिनिट काही फार नाही. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डी अँड डी आलं, तेव्हा पुतळा एका माणसाचा झाला. मिनिट मात्र तिथेच राहिलं.

१९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये (गेम चालवणाऱ्यासाठीचं नियमपुस्तक) गायगॅक्सने या मिनिटाची बाजू हिरिरीने मांडली. मुद्दा असा, की मिनिटभरात हूल, वार, अडवणूक, मागेपुढे सरकणं असं पुष्कळ चालू असतं. फासा टाकतो तो त्यातल्या एखाद्या खऱ्या संधीपुरता. तलवारीला हे तर्कशास्त्र लागू पडतं. किती वार झाले हे कुणी मोजत नाही, त्यामुळे फटीतून सगळं निसटतं.

बाण मात्र मोजले जातात. भात्यात वीस होते, अठरा उरले. धनुष्याला राउंडला दोन बाण असा नियम, म्हणजे मिनिटाला दोन. इंग्लिश लाँगबोवाला जोरात असताना मिनिटाला दहा-बारा बाण सोडायचा असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तलवारीचे वार अमूर्त आणि बाण रोख हिशोबाने, अशी दोन खाती एकाच वहीत घातली की ताळा जुळणार कसा? मिनिटाच्या राउंडवरची बहुतेक तक्रार खरं तर या एका ठिकाणची आहे.

हा पेच लोकांना लवकरच जाणवला असावा. डी अँड डीच्या १९७७ च्या होम्सने संपादित केलेल्या बेसिक संचात राउंड दहा सेकंदांचा झाला, १९८१ च्या मोल्डव्हे बेसिकमध्येही दहाच राहिला. अॅडव्हान्स्डची गाडी मात्र मिनिटावरच अडली होती. तिथे १९९५ साली कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स या पुरवणी पुस्तकाने दहा-पंधरा सेकंदांचा पर्याय दिला. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि सहा सेकंद पक्के झाले. जुन्या मिनिटाच्या राउंडचे दहा सेगमेंट असायचे, प्रत्येकी सहा सेकंदांचे. म्हणजे आजचा अख्खा राउंड कालच्या एका सेगमेंटएवढा आहे.

खऱ्या मारामाऱ्या किती वेळ चालतात?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा कमी, पण त्याआधीचा आणि मधला वेळ वाटतो त्यापेक्षा जास्त.

अॅरिझोनातल्या टूमस्टोन इथे २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झालेली ओ. के. कोरलची चकमक घ्या. साधारण तीस सेकंदांत साधारण तीस गोळ्या सुटल्या आणि तिघे मेले. सहा सेकंदांच्या हिशोबाने पाच राउंड. मिनिटाच्या हिशोबाने जेमतेम अर्धा राउंड, इनिशिएटिव्ह (आधी कोण ते ठरवणारा फासा) टाकेपर्यंत सगळं आटोपलेलं. पण त्या दिवशी धमक्या, निरोप, रस्त्यावरून चालत जाणं हे सगळं त्याआधी बराच वेळ चाललं होतं.

दुसऱ्या टोकाला बॉक्सिंग. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिट विश्रांती अशी रचना आहे. हा विश्रांतीचा मिनिट उदारपणाने दिलेला नाही. पूर्ण जोराने हात चालवणारा माणूस त्याशिवाय टिकत नाही. आणि त्या तीन मिनिटांतही दोघे बराच वेळ गोल फिरत, अंतर जोखत असतात. तलवारबाजीच्या गटफेरीत पाच स्पर्शांसाठी तीन मिनिटं दिलेली असतात. एकेक स्पर्श डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच होतो, बाकीचा वेळ संधी शोधण्यात जातो.

म्हणजे आकृती अशी दिसते: दोन-तीन सेकंदांचा भडका, मग पाच-दहा सेकंद नुसतं एकमेकांना जोखणं, पुन्हा भडका. आपले गेम यातला फक्त भडका घेतात आणि एकाला एक जोडत जातात. कोणी कधी थांबतच नाही. वास्तवापासून सगळ्यांत दूर जाणारी गोष्ट मला विचाराल तर ही आहे; सहा सेकंद की दहा, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ.

एकच चकमक वेगवेगळ्या घड्याळांवर कशी दिसते?

समोर भालेवाला, इकडे ढाल-तलवारवाला. भाल्याचा पल्ला मोठा, म्हणून तलवारवाल्याला टोक चुकवून आत शिरायचं आहे.

एका सेकंदाचं घड्याळ लावा. पहिला सेकंद: दोघे नजर लावून उभे. दुसरा: भालेवाला पोटाच्या रोखाने हूल देतो, ढाल खाली येते. तिसरा: भाला तसाच वर चेहऱ्याकडे, तलवारवाला मान काढून एक पाऊल मागे. चौथा: पुन्हा स्तब्ध. पाचवा: ढालीच्या कडेने भाल्याचं टोक बाहेर ढकलून तलवारवाला आत घुसतो. सहावा: मांडीवर वार, भालेवाला दांडा आडवा घालून तो झेलतो. खेळाडूने सहा निर्णय घेतले आणि फासे चार-पाचदा पडले.

सहा सेकंदांच्या घड्याळावर हे सगळं एका वाक्यात बसतं. ‘आत शिरून वार करतो.’ डी२० (वीस बाजूंचा फासा), अकरा, लागला नाही. पुढचा कोण?

मिनिटाच्या घड्याळावर अशा सात-आठ चकमकी, मधलं फिरणं, धाप लागणं, एकमेकांना शिव्या घालणं, सगळं मिळून एक फासा. लागला तर त्या अख्ख्या मिनिटात एक घाव बसला.

तिन्ही वर्णनं खरी आहेत. फरक एवढाच, की पहिल्यात ढाल खाली आणायची चूक खेळाडूची, दुसऱ्यात ती फाशाची आणि तिसऱ्यात ती झाली का हेसुद्धा कुणाला कळत नाही.

मग सर्वांत वास्तववादी लांबी कुठली?

एका देवाणघेवाणीपुरतं बोलायचं तर एक ते तीन सेकंद. अख्ख्या द्वंद्वयुद्धापुरतं बोलायचं तर मिनिटही चुकीचं नाही. सहा सेकंदांचा राउंड या दोन्हींच्या मधला आहे. नकाशावरच्या चौकोनांना आणि चार-पाच माणसांच्या टोळीला तो सोयीचा पडतो, म्हणून टिकला.

छोटा राउंड आपोआप वास्तववादी होत नाही, हे मात्र लक्षात घ्या. गर्प्समध्ये दर सेकंदाला वारच करत राहिलात तर वीस सेकंदांत वीस वार होतात, आणि तसं कोणी लढत नाही. म्हणूनच त्या गेममध्ये थांबून जोखण्याची चाल आहे: एक टर्न समोरच्याला निरखण्यात घालवला की पुढच्या वाराला अधिक एक, असं जास्तीत जास्त तीनपर्यंत. ही चाल वापरणारा ग्रुप असेल तर एक सेकंद सुरेख चालतो. ‘माझा टर्न फुकट गेला’ म्हणून कुरकुरणारा ग्रुप असेल तर नाही चालत.

सहा सेकंदांत तीस फूट म्हणजे धावणं की चालणं?

आजच्या डी अँड डीमध्ये साधा माणूस एका राउंडला तीस फूट सरकतो. ते चालणंच, तेही फार घाई नसलेल्या माणसाचं. तीस फूट म्हणजे सव्वानऊ मीटरच्या आतच. सहाने भागलं तर सेकंदाला दीड मीटर, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. डॅश (वार सोडून नुसतं पळायची चाल) घेतला तर दुप्पट, ताशी अकरा: हळू पळणं. तिसऱ्या आवृत्तीत सरळ रेषेत चौपट पळता यायचं, ते ताशी बावीसच्या आसपास जातं आणि खऱ्या धावण्याशी मिळतं. मोल्डव्हेच्या नियमात दहा सेकंदांत चाळीस फूट, ते याहूनही मंद.

पण तीस फूट हा आकडा वार करून, ढाल सावरून, आजूबाजूला बघत चालण्याचा आहे असं धरलं तर तो उलट जास्तच वाटतो. मी तरी यावरून वाद घालत नाही. पाठलाग सुरू झाला की मात्र राउंड आणि चौकोन बाजूला ठेवा, कारण तिथे सगळ्यांचा वेग एकच निघतो आणि पाठलाग कधी संपतच नाही.

फायटर सहा सेकंदांत आठ वार कसे करतो?

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत फायटरला (योद्ध्याला) विसाव्या लेव्हलला चार वार आणि अॅक्शन सर्ज (त्याच टर्नमध्ये जास्तीची चाल) वापरला तर आठ. पाऊण सेकंदाला एक. हलक्या हत्याराने, थोड्या वेळापुरतं हे अशक्य नाही, आणि अॅक्शन सर्ज संपला की विश्रांती घेतल्याशिवाय परत मिळत नाही. ज्या जगात त्याच टेबलावर कोणी आगीचा गोळा फेकतो आहे तिथे विसाव्या लेव्हलच्या योद्ध्याला एवढं माफ.

मला खटकतो तो हेवी क्रॉसबो. दर राउंडला एक बोल्ट, म्हणजे मिनिटाला दहा. चरखी फिरवून ताणायच्या जड क्रॉसबोने मिनिटाला एक-दोन बोल्ट जातात. इथे घड्याळ लांब करून फायदा नाही. एक बोल्ट मारायचा आणि मग तलवार काढायची, असंच चित्र हवं. चकमकीच्या दगडावर उडणाऱ्या (फ्लिंटलॉक) पिस्तुलालाही तेच लागू. शिकवलेला सैनिक फ्लिंटलॉक बंदूक मिनिटाला तीनदा झाडायचा, म्हणजे वीस सेकंदांना एक गोळी, म्हणजे सहा सेकंदांचे तीन राउंड फक्त भरण्यात. चार राउंडच्या लढाईत दुसरी गोळी जवळजवळ नाहीच.

धनुष्याचं मात्र छान जुळतं. राउंडला एक बाण म्हणजे मिनिटाला दहा, जो खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ आहे.

आधुनिक बंदुकांसाठी सहा सेकंद चालतात का?

चालतात, पण ओढूनताणून. १९८३ साली सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी एक लेख लिहिला. त्यातलं सूत्र आता सगळीकडे सांगितलं जातं: एकवीस फुटांवरचा चाकूवाला माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो, आणि कंबरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. सहा सेकंदांच्या राउंडमध्ये ही सगळी चुरस इनिशिएटिव्हच्या एका फाशात संपते. ज्याचा नंबर आधी तो जिंकला. गर्प्समध्ये सामान्य माणूस सेकंदाला पाच यार्ड जातो, सात यार्डांना दोन टर्न लागतात, आणि पिस्तूल काढायला एक, झाडायला एक. जे हवं ते आपसूक तयार होतं. तीन सेकंदांच्या शॅडोरनमध्ये अंगात तारा बसवून चपळ झालेल्या माणसाला त्याच राउंडमध्ये जास्तीचे पास, म्हणजे जास्तीच्या चाली, मिळतात, तोही एक मार्ग.

जखमेचाही विचार करा. अमेरिकेच्या एफबीआयने १९८९ मध्ये पिस्तुलाच्या जखमांवर काढलेल्या टिपणात म्हटलं आहे की हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा ते पंधरा सेकंद हालचाल करण्याइतका प्राणवायू उरू शकतो. सहा सेकंदांचे ते दोन राउंड होतात. म्हणजे मरणारा माणूस अजून दोनदा गोळी झाडू शकतो. शून्य हिट पॉइंट (अंगातली उरलेली ताकद मोजणारे गुण) झाले की लगेच कोसळायचं, हा नियम खेळाच्या सोयीचा आहे. भीती आणायची असेल तर खलनायकाला मरणाआधी एखादा टर्न देऊन बघा, टेबल गप्प होतं.

कड्यावरून पडायला किती राउंड लागतात?

इथे सहा सेकंदांचा राउंड चक्क भौतिकशास्त्राशी जमवून घेतो. हवेचा अडथळा सोडला तर सहा सेकंदांत माणूस १७६ मीटर पडतो, म्हणजे ५७९ फूट. पाचव्या आवृत्तीच्या २०१७ च्या झॅनथार्स गाइडमधला पर्यायी नियम सांगतो: पडल्याबरोबर पाचशे फूट खाली. हवेने थोडं धरून ठेवलं असं मानलं की हिशोब बरोबर बसतो.

एक सेकंदाच्या घड्याळावर पहिल्या टर्नमध्ये जेमतेम पाच मीटर, म्हणजे एका मजल्याहून थोडं जास्त. दोर फेकायला, मंत्र म्हणायला तिथे वाव आहे. मिनिटाच्या घड्याळावर जवळपास तीन किलोमीटर. तेवढा कडा तुमच्या नकाशावर नसेल, तेव्हा पडला तो पडला.

शेतकऱ्यांची रांग लावून काठी आवाजाच्या वेगाने फेकता येते म्हणतात, ते काय?

जुना विनोद आहे. हजारो शेतकरी एका रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने ‘काठी हातात आली की पुढच्याला देईन’ अशी अॅक्शन राखून ठेवायची. सगळे एकाच राउंडमध्ये करतात, म्हणजे काठी सहा सेकंदांत काही किलोमीटर गेली. मग शेवटचा माणूस ती फेकतो आणि पर्वत फुटतो.

यात चलाखी अशी, की काठी पोचवताना खेळाचे नियम धरले आणि फेकताना भौतिकशास्त्र. एकच काहीतरी धरा. नियम धरलेत तर शेवटच्या शेतकऱ्याने साधी काठी फेकली, तिचं नुकसान साध्या काठीएवढं. भौतिकशास्त्र धरलंत तर काठी सहा सेकंदांत पाच-सात जणांच्या पुढे जात नाही. २०२४ च्या डन्जन मास्टर्स गाइडने तर नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे असं स्वच्छ सांगून टाकलं.

माझ्या टर्नमध्ये मी किती बोलू शकतो?

सेकंदाला दोन-तीन शब्द. सहा सेकंदांत पंधरा. ‘डावीकडून ये, मी याला अडवतो, दरवाजा सोडू नकोस!’ एवढं. खलनायकाचं भाषण लढाईआधी उरका.

पहारेकरी मदतीला कधी पोचतात?

बहुतेक वेळा लढाई संपल्यावर. पाचव्या आवृत्तीतली नेहमीची चकमक तीन ते पाच राउंडांत निकाली निघते, म्हणजे अठरा ते तीस सेकंद. साठ मीटरवरचा पहारेकरी डॅश घेत आला तरी चौथ्या राउंडला पोचतो. त्याआधी त्याला आवाज ऐकू यायला हवा, काय झालं ते कळायला हवं, भाला उचलायला हवा. अंगात चिलखत नसेल तर विसराच: जड चिलखत चढवायला दहा मिनिटं म्हणजे शंभर राउंड. आणि बरेच जीएम (गेम चालवणारे) दुसऱ्याच राउंडला दार उघडून सहा जण आत आणतात.

श्वास रोखण्याचंही तसंच. पाचव्या आवृत्तीत माणूस साधारणपणे मिनिटभर तरी दम धरतो, बरेचदा दोन-तीन मिनिटं. सहा सेकंदांच्या हिशोबाने दहा ते तीस राउंड. पाण्याखालच्या लढाईत बुडण्याची भीती वाटावी असं हवं असेल तर वार झेलल्यावर दम सुटतो की नाही याचा फासा टाकायला लावा. नुसत्या घड्याळाच्या भरवशावर कोणी बुडत नाही.

आम्हाला राउंड दहा सेकंदांचा करायचा आहे. काय काय बदलावं लागेल?

जे घड्याळाला बांधलेलं आहे तेवढंच. सहाऐवजी दहा सेकंद केलेत तर तीस फुटांचे पन्नास होतात. एक मिनिट चालणारा मंत्र दहा राउंडऐवजी सहा राउंड टिकतो, आणि इथेच मंत्रवाले खेळाडू हरकत घेतील, कारण त्यांचा तोटा खरा आहे. धनुष्याला राउंडला एकऐवजी दोन बाण द्यावे लागतील, नाहीतर जुना मिनिटाचा वाद नव्याने सुरू. विष, आग, रक्तस्राव यांचं नुकसान ‘दर राउंडला’ असं लिहिलेलं असेल तर हात लावू नका. तिथे राउंड खेळाचं माप आहे, घड्याळाचं नाही.

खरं सांगायचं तर एवढा खटाटोप करून टेबलावर फारसा फरक जाणवत नाही. कारण निर्णयांची संख्या तीच राहते.

मग वास्तव आणायला काय करावं?

थांबे आणा. आमच्याकडे नीट चाललेला एक घरगुती नियम देतो. सलग तीन राउंड हातघाईचा हल्ला केला की चौथ्या राउंडला दोनच पर्याय: एक पाऊल मागे सरून स्वतःला सावरणं, किंवा रेटत राहणं आणि पुढचा हल्ला डिसअॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा धरून) करणं. समोरच्यालाही हाच नियम. दोघे एकदमच थांबले तर जीएम घड्याळ पंधरा-वीस सेकंद पुढे ढकलतो आणि तेवढ्यात बाकीच्यांना बोलणं, धमकावणं, शरण यायला सांगणं, जखमी ओढून नेणं, काहीही करता येतं.

या नियमाने लढाईचं रूप पालटतं. चार राउंडांची लढाई मिनिटभराची होते, पहारेकरी वेळेवर पोचायला लागतात, आणि माघार घ्यायला एक नैसर्गिक क्षण मिळतो. एरवी पळून जायचं तर पाठ फिरवून वार खावा लागतो, म्हणून कोणी पळत नाही आणि प्रत्येक लढाई मरेपर्यंत चालते. दोन्ही बाजू धापा टाकत समोरासमोर उभ्या असतील तर ‘आम्ही जातो, तुमचा माणूस घ्या’ असं म्हणायला तोंड उघडतं.

एकच इशारा: राक्षसांना आणि मेलेल्यांच्या फौजेला हा नियम लावू नका. जे दमत नाही त्याच्याशी लढणं किती भयंकर असतं ते मग कळतं.

टेबलावर एका राउंडला पाव तास लागतो. राउंड लांब केला तर वेळ वाचेल का?

एका राउंडचा नाही वाचणार. चार खेळाडू, प्रत्येकी दोन मिनिटं, जीएमला त्याच्या टोळीसाठी चार. झाली बारा मिनिटं, आणि गेममध्ये सहा सेकंद. वास्तवाच्या एकशेवीसपट संथ. राउंड मिनिटाचा धरला तर तीच बारा मिनिटं बारापट संथ दिसतात, एवढंच. वेळ खातो तो विचार, आणि तो घड्याळ बदलून कमी होत नाही. वाळूचं घड्याळ टेबलावर ठेवा, ‘वाळू संपली की तुझा माणूस फक्त बचाव करतो’ म्हणा. पहिल्यांदा दोघंतिघं रुसतील.

वेळ अजिबात न मोजणारे गेम असतात का?

असतात आणि छान असतात. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डच्या घराण्यातल्या गेममध्ये, उदाहरणार्थ डन्जन वर्ल्डमध्ये, इनिशिएटिव्हच नाही. गोष्टीत ज्याच्यावर प्रसंग आला त्याच्याकडे जीएम वळतो. कॉल ऑफ कथुल्हूच्या सातव्या आवृत्तीत राउंड आहे पण त्याची लांबी प्रसंगाप्रमाणे ताणली जाते. ज्यांना या पानावरचे बाकीचे प्रश्न वाचताना कंटाळा आला त्यांनी इकडे जावं.

लढाई संपल्यावर किती वेळ गेला असं धरायचं?

दहा मिनिटं. जुन्या डन्जन-गेममधली ही पद्धत मला आजही सगळ्यांत व्यवहारी वाटते: चकमक अर्ध्या मिनिटात संपलेली असली तरी अख्खा टर्न गेला असं मानायचं. जखमा बांधणं, बाण गोळा करणं, कोण मेलं कोण जिवंत आहे ते बघणं, धार पुसणं, हात थरथरायचे थांबेपर्यंत बसून राहणं, सगळं त्यात आलं. एक टर्न मांडला की मशालीचा सहावा भाग जळाला, कारण मशाल सहा टर्न चालते. कागदावर एक रेघ ओढा आणि पुढच्या दालनाचं दार उघडा.